तळ्यावरचं आठवं मडकं

या सदरात लोक अमानवीय अनुभव लिहितात ते मी नियमित वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... वैताग येतो. मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन, सेकंड क्लासमध्ये. आमच्या वाडीत माझ्याआधी सातवीसुद्धा कोणी पास झालेलं नव्हतं. हे मुद्दाम आधी सांगून ठेवतोय, कारण पुढचं वाचून "खेड्यातली माणसं, काहीतरी बघतात आणि घाबरतात" असं म्हणायची काही लोकांना फार घाई असते. मी घाबरून लिहीत नाहीये. मी चिडून लिहितोय.

चिडायला कारण एक पुस्तक. गेल्या महिन्यात टपालाने आलं. इंग्रजी, गुळगुळीत कागद, थंडीत आपल्याकडे उतरणाऱ्या पाणपक्ष्यांवर. त्यात आमच्या तळ्याबद्दल दोन पानं आहेत आणि त्या दोन पानांत माझ्या बापाबद्दल सहा ओळी. त्यात लिहिलंय की कामाला घेतलेल्या म्हाताऱ्याला आठपर्यंतही धड मोजता येत नव्हतं, आणि त्याने सहा बदकं लपवल्याचा दाट संशय आहे.

माझा बाप जिवंत आहे. त्याला वाचता येत नाही. मला येतं. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

जागा नीट सांगतो. मुरबाडला एस.टी.तून उतरायचं आणि शहापूरच्या अंगाला तीन तास जंगलातून चालायचं. साग, ऐन, मधेमधे बांबूची बेटं. चढ संपला की झाडं एकदम बाजूला होतात आणि समोर पाणी. तळं जुनं आहे, कोणी बांधलं ते गावात कोणालाच सांगता येत नाही. गाव तळ्याच्या दक्षिणेला, आणि आमची वाडी गावाच्याही पलीकडे, जिथे शेतं संपतात तिथे. आम्हाला शेत नव्हतं. लोकांच्या खाचरात मजुरी, पावसाळा सरला की कोळशाच्या भट्ट्यांवर, आणि थंडीत तळं. गावाचं नाव लिहीत नाही. माझी माणसं अजून तिथे राहतात.

दिवाळीनंतर तळ्यावर बदकं उतरायची. उत्तरेकडून, हिमालयापलीकडून येतात हे मला कॉलेजात कळलं, बापाला नुसतं "वरून येतात" एवढं माहीत होतं. पण कोणतं बदक कोणत्या आठवड्यात येणार हे तो बोटावर सांगायचा. आधी थापटे, म्हणजे फावड्यासारख्या चोचीची बदकं. मग लांब शेपटीची तलवार बदकं. काळे चांदवे तर ढिगाने. आणि सगळ्यांच्या शेवटी चक्रवाकांची एकच जोडी, दरवर्षी त्याच खडकाजवळ.

ती बदकं धरायची बाची एक पद्धत होती. त्याच्या बापाकडून आलेली. (बापाला आम्ही बा म्हणतो.) म्हशाच्या जत्रेतून काळी मडकी आणायची. सात. तोंड खाली करून पाण्यावर सोडायची, गळ्याला दोरीने दगड बांधून, म्हणजे आत हवा राहते, मडकं उलटत नाही आणि जागचं हलत नाही. पहिले दोन दिवस बदकं लांब राहतात. चौथ्या दिवशी मडक्याला घासून पोहतात. सहाव्या दिवशी पहाट फुटल्यावर बा आणखी एक मडकं डोक्यात घालायचा, त्याला डोळ्यांपुढे दोन भोकं, आणि गळ्याएवढ्या पाण्यातून इंच इंच पुढे सरकायचा. बदकाला वाटतं, आणखी एक मडकं. पाण्याखालून हात जातो, अंगठा आणि दोन बोटं, पायाच्या सांध्याच्या वर पकड, आणि एक झटका खाली. आवाज नाही. शेजारच्या बदकाला पत्ता लागत नाही.

जिवंत हवी असतील तर एका खेपेला तीनच. चौथं धरेपर्यंत पहिलं पाण्याखाली गुदमरतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि दुसरा नियम, तो बाने कधी मोडला नाही. पाण्यात उतरण्याआधी काठावरून मडकी मोजायची. एकाने डावीकडून, दुसऱ्याने उजवीकडून, मनातल्या मनात. दोघांचा आकडा जुळला आणि तो टाकलेल्या मडक्यांएवढा असला तरच उतरायचं. यात देवधर्म काही नाही. एक मडकं जास्त दिसलं तर दुसरा कोणीतरी मडकं घालून आत आहे, आणि दोन माणसं एकमेकांना न बघता पाण्याखाली पाय ओढायला लागली तर एक मरतो. एवढं साधं. सेफ्टी रूल म्हणा.

बासष्टच्या थंडीत साहेब आले. मुंबईचे, मोठ्या घरातले, एका संस्थेतर्फे पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची नंबर घातलेली कडी अडकवून सोडायचं काम करत होते. तळ्याकाठी तंबू ठोकला. बरोबर एक स्वयंपाकी, बाकी कोणी नाही. मी त्याच वर्षी पास झालो होतो आणि नोकरी शोधत होतो. इंग्रजी लिहिता येतं म्हणून साहेबांनी मला कड्यांचे नंबर लिहायला ठेवलं. काम चांगलं केलंत तर मुंबईला नोकरीला लावून देतो, असं पहिल्याच दिवशी म्हणाले.

माणूस अभ्यासू होता, ते नाकारणार नाही. अंधारात नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचा. बदक हातात घेतलं की त्याचा पंख असा अलगद उघडायचा की बघत राहावं. पण मला "तुम्ही" आणि माझ्या बापाला "तू". बापाचं वय पंचावन्न, साहेबांचं चाळीस. पहिल्या दिवशी मला ते खटकलं. तिसऱ्या दिवशी खटकेनासं झालं... त्याचाच राग आज जास्त येतो.

साहेबांची जाळी चार दिवस रिकामी राहिली. मग मीच सांगितलं, माझे वडील धरून देतील. साहेब हसले, पण तयार झाले. बाने मडकी टाकली. पाच दिवस आम्ही वाट बघत बसलो. त्या पाच दिवसांत एकदा जेवताना साहेब म्हणाले, "ही माणसं निसर्गात राहतात, पण निरीक्षण नाही. दहाच्या पुढे आकडा गेला की 'लय' म्हणतात." मी हसलो. बा दहा पावलांवर पत्रावळ घेऊन बसला होता, आणि मी हसलो.

सहाव्या दिवशी सकाळी. उजाडलं होतं, धुकं पाण्यावरून वर उचललं जात होतं, पलीकडचा डोंगर दिसायला लागला होता. खाडीसारखा आत वळलेला तळ्याचा भाग, त्यात शे-दोनशे बदकं आणि मधे मधे मडक्यांच्या काळ्या पाठी. बा लंगोट लावून, कमरेला दोरी बांधून उभा. त्याने डावीकडून मोजली. परत मोजली. मग मडकं काखेतून खाली ठेवलं.

"आठ हायत," तो म्हणाला.

"मग?" साहेब.

"मी सात टाकली. कोण तरी आत हाय. दामू, जा, काठाकाठानं बघून ये. कनच्या बाजूनं उतरलाय बघ."

मी गेलो. खाडीला पूर्ण वळसा घालून पलीकडच्या टोकापर्यंत. काठावर हातभर रुंद ओला गाळ, त्यात माणूस उतरला असता तर गुडघ्यापर्यंत खड्डे पडले असते. पक्ष्यांच्या नखांशिवाय एक खूण नव्हती. परत येऊन सांगितलं, कोणी नाही.

साहेबांनी तोवर दुर्बीण लावली होती. "सात आहेत," ते म्हणाले. "मी तीनदा मोजली. हा चुकतोय."

बा त्यांच्याकडे बघतच नव्हता. "दामू, तू मोज. डोळ्यानं."

मी उजवीकडून सुरुवात केली. तिसरं मडकं एका वठलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी होतं. तिथे बाने मडकं टाकलेलं नव्हतं. काळं, इतरांपेक्षा थोडं मोठं, ओलं. मी शेवटपर्यंत मोजत गेलो. आठ.

"हे घ्या," साहेबांनी दुर्बीण माझ्या हातात दिली.

मी लावली. बुंधा दिसला. बुंध्यावरची साल दिसली. बुंध्याच्या शेजारी, जिथे ते मडकं होतं, तिथे मोकळं पाणी आणि त्यावर दोन तलवार बदकं. दुर्बीण डोळ्यांवरून काढली. मडकं. परत लावली. पाणी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली. सात.

"किती?" बा म्हणाला.

साहेब माझ्याकडे बघत होते. पदवीला पाच महिने झाले होते. दुर्बीण जर्मन होती. मी म्हणालो, "सात."

बाने खाली ठेवलेलं मडकं उचललं. मग म्हणाला, "तू शिकलेला हायस. सात तर सात." मडकं डोक्यात घातलं आणि पाण्यात उतरला.

यापुढे मी दुर्बीण लावली नाही. उघड्या डोळ्यांनी जे दिसलं तेच लिहितो.

बाचं मडकं डावीकडे, थापट्यांच्या थव्यात शिरलं. ठीक. एक बदक खाली गेलं. मी मनात एक म्हटलं. मग बुंध्याजवळचं मडकं हललं. बाच्या मडक्यांना खाली दगड, ती हलत नाहीत. हे सरकत होतं, अगदी बा सरकतो तसं, थांबत, थांबत, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने. त्याच्या भोवती बदकं दाटून बसली होती. त्यातलं एक खाली गेलं. मग दुसरं. पाण्यावर तरंग नाही, पंखांची फडफड नाही. आहे, आणि नाही... एवढंच.

तेवढ्यात दलदली ससाणा तळ्यावरून गेला, खालून, पाण्याला टेकेल असा. ससाणा आला की सगळं तळं उडतं. उडालंच, आणि दोन घिरट्या घालून परत उतरलं. पण त्या मडक्याभोवतीची बदकं बसून राहिली. एकानेही मान वर केली नाही.

शेजारी साहेब खूश. दुर्बिणीतून बघत पुटपुटत होते, "पाच... सहा... वा, म्हातारा कामाचा आहे. सात..."

मी म्हणालो, "सर, वडील त्या बाजूला आहेत. डावीकडे."

"मडकं तिकडे सोडून बुडी मारून इकडे आला असेल. आठ... नऊ."

नऊ झाल्यावर ते मडकं थांबलं. मग बाच्या दिशेला निघालं. मला ओरडायचं होतं. ओरडलो असतो तर उरलेली बदकं उडाली असती आणि साहेबांची सकाळ फुकट गेली असती, असा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला. आला, हे लिहितोय. दोन मडकी एकमेकांना टेकली. दहा-पंधरा श्वास तशीच टेकलेली राहिली. मग बाचं मडकं सुटलं आणि लव्हाळ्याकडे सरकायला लागलं, आमच्याकडे. तेव्हा मी पुन्हा मागच्या पाण्याकडे बघितलं. बाचं सोडून सातच होती. मी बाकडे बघेपर्यंत आठवं गेलं होतं.

बा लव्हाळ्यातून बाहेर आला. कमरेच्या दोरीला तीन थापटे, जिवंत, ओले, घाबरलेले. तीन. त्याने ती बदकं माझ्या हातात दिली आणि काठावर बसला. त्याचा उजवा पाय घोट्याच्या वर त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"पाय धरला माझा," तो हळू म्हणाला.

"कोणी?"

"अंगठा नि दोन बोटां. सांध्याच्या वर. बरोबर धरला रे. जाणत्याचा हात होता." मग म्हणाला, "ओढायला लागला, मग चाचपून बघितला. बदक नाय, म्हणून सोडला."

मी काही बोलायच्या आत साहेब आले. "बाकीची कुठे आहेत?"

"कनची?"

"नऊ खाली गेली. मी मोजली आहेत. ही तीन. सहा कुठे ठेवलीस?"

"मी तीन धरली, सायेब. एका खेपेला तीनच धरतो. पोराला इचारा."

"दामोदर, वडिलांना सांगा, मी पोलिसांत जाणारा माणूस नाही. त्यांनी बदकं दाखवावीत, विषय संपला."

आणि मी सांगितलं. मी मधे उभा राहून साहेबांचं मराठी माझ्या बापाला मराठीत सांगत होतो.

बाला त्यांनी तसंच उभं केलं. ओल्या अंगाने, पौषातल्या सकाळच्या थंडीत. मडकं उलटं करायला लावलं. दोरी सोडायला लावली. स्वयंपाक्याने लव्हाळा काठीने झोडून काढला. काही नाही. साहेबांचं म्हणणं, सहा बदकं मान मुरगळून पाण्याखाली दडवली, मागून येऊन नेणार. मी एकदा म्हणालो, "सर, तीनच धरता येतात एका वेळी, जिवंत हवी असतील तर." ते म्हणाले, "सहा जिवंत ठेवायचीच नसतील, तर?" याला माझ्याकडे उत्तर होतं. आठ. पण ते मी आधीच गिळलेलं होतं.

दुपारी ते गावच्या पाटलाला घेऊन वाडीवर आले. अकरा झोपड्या. प्रत्येक झोपडीत पाटील आत शिरला आणि साहेब दारात रुमाल नाकाला लावून उभे. सगळ्या झोपड्यांतली गाडगी उघडून झाली. शेवटी आमची. आई चुलीवर कंद उकडत होती.

पाटील म्हणाला, "झाकण काढ गो."

आईने काढलं. वर पळीही ठेवली. "ढवळून बघा पाटील. तळाला बदक बुडलं असंल."

"तोंड सांभाळ."

"तोंडच सांभाळून हाय. नायतर सायबाला इचारलं असतं, मेलेलं बदक घरी आणून आमी पिसं खाल्ली काय. एक तरी पीस दावा या वाडीत."

वाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब लाल झाले. पीस मिळालं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही, तळ्यावरसुद्धा नाही. मी आठ दिवस काठ धुंडाळला. मेलेलं बदक फुगून वर येतं. एकही वर आलं नाही.

दोन दिवसांनी तंबू उठला. बाने मडकी गोळा केली. सात. ती त्याने वाडीतल्या बायांना पाण्याला वाटून टाकली. त्यानंतर तो तळ्यात बदकांसाठी उतरला नाही. भीती म्हणून नव्हे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "आत दुसरा कामाला हाय. त्याचं काम त्याला करू द्या." गावात लोक आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, म्हणाले, अमकं म्हणाले, नारळ द्या म्हणाले. बा चिडायचा. "आसरा कशाला बदकां धरतील? तो धरणारा होता. आपल्यातला." म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही. त्याला माहीत असेल असंही मला वाटत नाही.

मी प्राणिशास्त्र शिकलोय, म्हणून लोक विचारायच्या आधी मीच स्वतःला सगळं विचारून झालंय. पाणमांजर? ते बदक ओढतं, पण पाणी ढवळून निघतं. मोठा मासा? तोही पिल्लं ओढतो, एकामागून एक नऊ मोठी बदकं नाही. मगर आमच्या तळ्यात कोणी पाहिलेली नाही, आणि मगर पाय चाचपून सोडत नाही. धुक्यातला भास म्हणावं, तर बाला आणि मला दोघांनाही एकच आकडा कसा दिसला? आणि दुर्बिणीत मला आणि साहेबांनाही एकच आकडा कसा? डोळ्यांना आठ, काचेतून सात. हे का, ते मला आजही सांगता येत नाही. कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना एकदा विचारलं, त्यांनी विषय बदलला.

पण मला राग त्याचा नाही. जे कळत नाही ते कळत नाही. मला राग याचा आहे की साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी नऊ बदकं जाताना पाहिली. जिथे माणूस नव्हता, मडकंही नव्हतं, निदान त्यांच्या काचेत तरी नव्हतं, तिथे नऊ बदकं बुडाली. शास्त्रज्ञाने यावर काय लिहायला हवं होतं? "मला कळलं नाही." तीन शब्द. त्याऐवजी त्यांनी सहा ओळी लिहिल्या, आणि त्यात चोर घातला. चोर कोण, तर ज्याला उत्तर लिहिता येत नाही तो.

आणि त्याच पानावर, खाली, बारीक अक्षरात माझं नाव आहे. आभार मानलेत. मडक्यांची संख्या सातच होती याला स्थानिक सुशिक्षित तरुणाने दुजोरा दिला, असं.

हो, नोकरी मिळाली मला. त्या उन्हाळ्यात पत्र आलं आणि मी मुंबईला गेलो. दीड वर्ष कड्यांचे नंबर लिहिले. मग मुरबाडला मास्तर झालो. पुस्तक मला पाठवलं ते जुना कर्मचारी म्हणून.

मागच्या रविवारी ते घेऊन वाडीवर गेलो. बा अंगणात टोपली विणत बसला होता. नजर कमी झालीय, पण बोटांना बांबू दिसतो. मी पान उघडलं आणि त्या सहा ओळी त्याला आपल्या भाषेत सांगितल्या. काही वगळलं नाही. लपवल्याचा संशय, मोजता न येणं, आणि खालचा माझा दुजोरा, सगळं.

तो विणत राहिला. मग म्हणाला, "तुला तवा किती दिसली होती?"

सहा वर्षांत त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं.

"आठ," मी म्हणालो.

"मला ठाव हाय. तुझं ओठ हालत होतं. मी मोजत होतो." त्याने एक पट्टी दाताने सोलली. "आठावर थांबलं."

मी पुस्तक मिटलं. मी म्हणालो, "मग तू उतरलास कशाला? नाही म्हणायचं. मी खोटं बोलतोय असं म्हणायचं."

"सायबाम्होरं?" तो म्हणाला. "तू सात बोल्लास. मी नाय उतरलो असतो तर तू खोटा पडला असतास. तुझी नोकरी होती ना रे त्यात."

आई आतून म्हणाली, "पाय ओढला असता मंग? कळली असती नोकरी."

"नाय ओढला ना," बा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "आता त्यावर काय करतस?"

"लिहितो. मासिकात. मराठीत."

"सायेब वाचतील?"

"माहीत नाही. बाकीचे वाचतील."

"मग आठ लिव," तो म्हणाला, आणि टोपलीला पुढची पट्टी लावली.

तर लिहितोय. त्या सकाळी तळ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, आणि कोणी पत्राने भुताचं नाव कळवलं तर मी उत्तर देणार नाही. मला जे माहीत आहे ते इतकंच. माझ्या बापाने सहा बदकं घेतली नाहीत. त्याने तीन धरली, तीन दिली. त्याला मोजता येतं. पाण्यावर आठ मडकी होती, त्याने आठ मोजली, मीही आठ मोजली, आणि त्या काठावर मोजणीत चूक करणारा कोणी असेल तर तो बी.एस्सी. होता.